मधली जागा

लाऊडस्पीकरवरून ती बातमी मी ऐकली होती. शब्द न् शब्द ऐकली होती. कोटरा सुल्तानाबादच्या माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत मेथी निवडत बसले होते. खालच्या मशिदीतून खरखर आली, कुणीतरी फुंकर मारून माइक तपासला आणि सांगितलं, "हज़रात, मरहूम इक़बाल अहमद साहब की अहलिया का इंतक़ाल हो गया है. नमाज़-ए-जनाज़ा ज़ुहर के बाद..." अहलिया म्हणजे बायको. कुणा इक्बालसाहेबांची बायको गेली, एवढंच माझ्या मनात आलं. मी चुकचुकले आणि पुढची जुडी सोडली. ती निवडून होत आली तेव्हा सबाचा फोन आला. "मौसी... आपा चली गईं." मी वेड्यासारखं विचारलं, "कौन सी आपा?" पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं, आणि मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. नसीमआपा, सबा जिची भाची. माझी नसीम. जिच्या मरणाची दवंडी नुकतीच माझ्या कानावरून गेली होती आणि मला पत्ता लागला नव्हता, कारण त्या दवंडीत तिचं नावच नव्हतं. इक्बालभाई जाऊन किती वर्षं झाली, त्यांचा चेहराही मला आता धड आठवत नाही, आणि मेल्यावर हिची ओळख काय, तर त्यांची अहलिया. दुःख नंतर आलं. आधी आली ती चीड, आणि तिच्या मागोमाग किळस. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. दुःख थोडं निवळलंय, पण किळस काही जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही दोघी टेलिफोन ऑपरेटर. एका सरकारी कार्यालयाच्या बोर्डावर शेजारी शेजारी खुर्च्या टाकून आमची उभी नोकरी गेली. राजधानी भोपाळला आली तेव्हा माझे वडील नागपूरहून कारकून म्हणून आले, आणि तुळशीनगरच्या क्वार्टरमध्ये मी वाढले. नसीम जुन्या शहरातली, बुधवाऱ्याकडची. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या कानावर हेडफोन नीट बसवला आणि म्हणाली, "ए वसू, यहाँ चेहरा कोई नहीं देखता. जो है सो आवाज़ है." आणि तिचा आवाज खरंच काय होता! खणखणीत, पण कुठेही टोचणारा नाही. अख्खं सरकार तो आवाज ऐकायचं. साहेब, मोठे साहेब, कंत्राटदार, खेड्यापाड्यातून ट्रंक कॉल लावणारे पटवारी, सगळे. ती एकदा ऐकलेला आवाज विसरायची नाही. पलीकडच्यानं नुसतं खाकरलं तरी ही म्हणायची, "जी शर्मा साहब, मिलाती हूँ." डबा मात्र दोघींचा एकच. माझ्या आईला आधी जरा धाकधूक होती, पण एका संक्रांतीला नसीम घरी आली आणि आईला "आई" म्हणून मोकळी झाली. त्यानंतर आईच मला झापायची, "काहून वं, नसीम काहून नाही आली आज?" नसीमनं आमच्याकडून मराठीचे दोनच शब्द उचलले, "अगं बाई". तेही कुठेही वापरायची. साहेब चिडले, "अगं बाई." लाइन तुटली, "अगं बाई." शेवटी शेवटी इस्पितळात डॉक्टरांनाही तेच म्हणाली.

दुपारची नमाज ती बोर्डाच्या मागच्या कोपऱ्यात छोटी चटई टाकून पढायची, आणि तेवढा वेळ तिच्या लाइनी मी सांभाळायचे. शुक्रवारी ऑफिसातले मुसलमान पुरुष अत्तर लावून जुम्म्याच्या नमाजीला निघायचे आणि आम्ही बायका बोर्डावर. एकदा ती त्यांच्या पाठमोऱ्या घोळक्याकडे बघत म्हणाली, "हमारा जुमा कहाँ होता है, वसू?" मला काय ठाऊक! तिच्या लहानपणी तिची नानी रमजानमध्ये गल्लीतल्या बायकांना अंगणात गोळा करून नमाज पढवायची, हे ती अनेकदा सांगायची. नानीला अर्धंअधिक कुराण पाठ होतं आणि तिनं ते नातीला दिलं. "बेगमों का शहर है खां ये," नसीम छाती काढून म्हणायची, "यहाँ औरतों ने तख़्त सँभाला है, मस्जिदें बनवाई हैं." आणि खरंच, एकामागून एक बेगमांनी राज्य केलेलं हे गाव. त्याच गावात एका बाईला बसायला सतरंजीएवढी जागा मिळवण्यासाठी काय काय करावं लागलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

रिटायर झाल्यावर योगायोगानं दोघी कोटऱ्याला आलो, दोन गल्ल्यांच्या अंतरानं. एका संध्याकाळी आम्ही बाजारातून परत येत होतो, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज चुकायला आली होती, तेव्हा ती मशिदीच्या दारात गेली आणि आत जागा मागितली. दारातल्या माणसानं हात हलवला, भिकाऱ्याला हलवतात तसा. "घर जाइए बाजी." तिनं चपलांच्या कपाटाशेजारी आपली ओढणी अंथरली आणि तिथेच नमाज पढली. आतून बाहेर पडणारे पुरुष तिच्या डोक्यापाशी वाकून आपापले जोडे शोधत होते. एकालाही वाटलं नाही की बाई कपाळ टेकून सजद्यात आहे, जरा थांबावं. मी पिशव्या धरून उभी होते, आणि एकाच्या बुटाची धूळ तिच्या ओढणीवर उडालेली पाहिली. ती उठली, ओढणी झटकली आणि मला म्हणाली, "पैग़म्बर के ज़माने में औरतें मस्जिद में आती थीं. इन्होंने जूते रखने की जगह भी नहीं छोड़ी."

मग ती मागेच लागली. वर्षभर चकरा मारून तिनं वुजूच्या, म्हणजे नमाजीआधी हातपाय धुण्याच्या, नळांमागची एक खोली मिळवली. तिथे बिर्याणीच्या देगा, बिघडलेले कूलर आणि जनाज्याची खाट ठेवलेली असायची. बायकांनीच ती धुतली, पुसली, पडदा लावला. कॉलेजच्या मुली येऊ लागल्या, इस्पितळातल्या नर्सा, बाजारातून परतणाऱ्या बाया. त्यांना इमाम दिसत नसे. भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून त्याचा आवाज यायचा आणि त्यावर वाकायचं, उठायचं, कपाळ टेकायचं. एके दिवशी बायका सजद्यात गेल्या आणि स्पीकर बंद पडला. पुढचा इशारा येईना. बाया कपाळ टेकून वाट बघताहेत, बघताहेत... अखेर एका पोरीनं हळूच मान वर करून खिडकीतून पाहिलं, तर पुरुष नमाज संपवून फाटकाशी चहा पीत होते. स्पीकर बंद पडला की बंद केला, ते देवाला माहीत. पण हे पुन्हा झालं, आणि पुन्हा झालं. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "देखते हैं." नसीम मला म्हणाली, "सारी उमर दूसरों की लाइन जोड़ी, अब मेरी ही कट रई है. अगं बाई!" आणि हसली. मला हसू आलं नाही.

तेव्हापासून तिनं ठरवलं, स्पीकर गेला चुलीत, आपली नमाज आपण पढवू. नानी पढवायची तशी. ती पढायला लागायची आणि तिच्या आवाजावर बायका. खोलीतून तिचं पठण ऐकू यायला लागलं आणि कमिटीची झोप उडाली. सभा बोलावली गेली. मशिदीचं ऑफिस फाटकाशीच आहे, म्हणून मीही तिच्यासोबत जाऊन बाकावर बसले. कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, एक रिटायर्ड इंजिनियर. पांढरीशुभ्र टोपी, इस्त्रीचा कुर्ता, बोलण्यात मध. म्हणाले, बहनजी, आपके जज़्बे की क़दर है, मगर औरत की आवाज़ का भी पर्दा होता है. आवाज़ मर्दों तक जाती है, मन बहकते हैं, फ़ितना होता है. नसीम शांतपणे ऐकत होती. मग डोळे बारीक करून तिनं विचारलं, "साहब, आप तो मेरी आवाज़ पहचानते होंगे?" सदर गोंधळले. "डिवीज़न ऑफ़िस से फ़ोन करते थे आप. नंबर बाद में माँगते थे. पहले कहते थे, मैडम, आपकी आवाज़ सुन ली, अब दिन अच्छा जाएगा." बाकीच्यांनी सदरांकडे वळून पाहिलं. "रोज़ कहते थे. तब किसी का वुज़ू नहीं टूटा?"

त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. लाज वाटली असती तर मी त्याला माफ केलं असतं. पण तिथे लाज नव्हती, हिशेब चुकता करायचा डाव शिजत होता. पुढच्याच शुक्रवारी बायकांच्या खोलीला कुलूप. कारण काय, तर दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे देगा पुन्हा आत, कूलर पुन्हा आत.

नसीमनं ना आरडाओरडा केला ना कुणापुढे हात पसरले. तिनं आपल्याच घराच्या पुढच्या खोलीतलं फर्निचर मागे ढकललं आणि एक लांबलचक सतरंजी आणली, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. तिला ती सफ म्हणायची. सफ म्हणजे नमाजीची रांग, आणि त्या रांगेसाठी अंथरतात ती सतरंजीही सफच. पहिल्या संध्याकाळी मी तिच्या दिवाणावर चहाची वाट बघत बसले होते. बायका खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभ्या राहिल्या, आणि मी आपली शोधतेय, पढवणारी कुठे उभी राहिलीय? पुढे कुणीच नाही. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघताहेत. आवाज सुरू झाला, तो नसीमचा होता, पण ती पुढे नव्हतीच. ओळीत होती, मधोमध, सगळ्यांसारखी. नमाज संपल्यावर मी विचारलं तर पोरी तोंडाला ओढण्या लावून हसल्या. बाईनं बायकांना नमाज पढवायची तर पुढे उभं राहायचं नाही, रांगेतच मध्ये राहायचं, अशीच रीत, नानीपासूनची. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे पुढे उभं राहायचीही चोरी?" मी मराठीतच ओरडले. तिला मतलब कळला. म्हणाली, "आगे खड़े होने का शौक़ जिनको है वो खड़े रहें. मुझे दोनों तरफ़ कंधे चाहिए." मला ते तेव्हाही पुरतं पटलं नाही, आजही पटत नाही. पण तिला त्यात कमीपणा वाटत नव्हता, हे मात्र खरं. सुरू करण्याआधी ती डावी-उजवीकडे बघून एकच वाक्य म्हणायची, "मिल जाओ, बीच में जगह मत छोड़ो."

आता माझ्या लोकांबद्दलही बोलते, नाहीतर हा लेख वाचून कुणीतरी मान डोलवायचा आणि तेवढ्यावरून मला उलटी व्हायची. आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ आहेत, मूळचे अमरावतीचे, सगळे त्यांना नाना म्हणतात. ही भानगड त्यांच्या कानावर गेली आणि त्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! जिन्यात अडवून विचारलं, "वहिनी, तुमच्या मैत्रिणीला मशिदीत घेत नाहीत म्हणे? त्यांच्यात बायकांना काही किंमतच नाही हो. काही व्हिडिओ वगैरे असला तर द्या, ग्रुपवर टाकू." नसीमचा अपमान यांना मिठाईसारखा हवा होता. हेच नाना आमच्या बिल्डिंगच्या गणपतीचे सर्वेसर्वा. माझे यजमान गेले त्या वर्षी आरतीचं तबक फिरत फिरत आलं आणि माझ्या पसरलेल्या हातावरून पुढच्या सवाष्णीकडे गेलं. देणारा हात नानांचा होता. मी त्यांना एवढंच म्हटलं, "नाना, माझ्याकडे त्या तबकाचा व्हिडिओ नाही, नाहीतर तोही दिला असता." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. देव करो आणि हे असंच राहो.

शेवटच्या वर्षात नसीम थकली. समोरच्या इमारतीतून कमिटीकडे तक्रार गेली की घरातूनही आवाज रस्त्यावर येतो. निरोप घेऊन दोघे जण आले, सोफ्यावर बसले, तिच्या हातचा शीरखुर्मा खाल्ला आणि खिडकी बंद ठेवायला सांगून गेले. तिनं खिडकी बंद केली. या बाईनं... जिनं साहेबांना साहेबांच्या भाषेत गप्प केलं तिनं! मी भांडले तिच्याशी. ती म्हणाली, "लड़कियों के घर पे बात जाएगी, वसू. उनके बाप-भाई रोक लेंगे. खिड़की बंद सही, सफ़ तो बिछी रहे." भोपाळच्या उन्हाळ्यात बंद खोलीत दाटीवाटीनं उभ्या त्या बायका, पंखा गरम हवा फिरवतोय, आणि नसीम आवाज दाबून पढतेय. दाबलेला तिचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकायला मिळत होता आणि मला तो ऐकवेना. मी तेव्हापासून मगरिबच्या वेळी जाणंच टाळलं. इस्पितळात मात्र रोज जात होते. शेवटच्या भेटीत तिनं माझा हात धरून भाचीकडे, सबाकडे बोट केलं आणि म्हणाली, "इसकी आवाज़ मुझसे अच्छी है. डरती बहुत है लेकिन."

ती गेली त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळ्या बायकाच. सबानं सदरांकडे एकच गोष्ट मागितली. जनाज्याची नमाज मशिदीच्या मैदानात होईल, तेव्हा आपाच्या सफेतल्या बायका मागे एका ओळीत उभ्या राहतील. पुरुषांच्या मागे, सगळ्यात मागे, तोंडातून शब्द न काढता. सदर जिन्यातूनच म्हणाले, "बेटी, आज तो तमाशा मत करो." तमाशा! जिनं यांच्या मशिदीतली घाण धुतली तिला निरोप देणं म्हणजे तमाशा. खाट उचलली, ती त्याच बंद खोलीतून आणलेली होती. पुरुष निघून गेले आणि बायका जिन्यात उभ्या राहिल्या. मीही त्यांच्यातच. खालून मैदानातला लाऊडस्पीकर स्वच्छ ऐकू येत होता. त्या दिवशी मात्र तो बंद पडला नाही.

आणि आता परवाची गोष्ट. कमिटीकडून मला निरोप आला, मरहूमाच्या आठवणीत कार्यक्रम आहे, आप उनकी सहेली थीं, ज़रूर आइए. गेले. बायकांच्या त्या खोलीच्या दारावर संगमरवराची नवी पाटी लावली होती आणि फुलांची माळ. हिंदीत आणि उर्दूत कोरलेलं, 'मस्तूरात का हॉल'. म्हणजे बायकांसाठीचा हॉल. खाली सदरांचं नाव, सेक्रेटरींचं नाव, दगड देणाऱ्या दुकानदाराचं नाव. सगळ्यात खाली, स्मरणार्थ म्हणून, 'ब-याद अहलिया मरहूम इक़बाल अहमद साहब'. इथेही अहलिया! मी पुन्हा वाचलं, माझे डोळे चुकले असतील म्हणून. चुकले नव्हते. सदरांनी भाषण केलं, मरहूमा किती पडदानशीन, किती ख़ामोश-तबीयत होत्या. ख़ामोश! फीत कापली, दार उघडलं, फोटो काढले. सदरांच्या खांद्यावरून मला आतलं दिसलं, देगा एकावर एक रचलेल्या, भिंतीशी कूलर, कोपऱ्यात खाट. फोटो झाल्यावर कुलूप पुन्हा लागलं. सबानं पुढे होऊन किल्ली मागितली. "कमेटी में मशवरा होगा बेटी, इंशाअल्लाह," सदर म्हणाले. मला पेढा दिला कुणीतरी. तो मी तिथल्याच नळाच्या मोरीत टाकला आणि हात धुतले, चांगले खसखसून.

सबा भराभर चालत होती, मी तिच्या मागे. नसीमच्या घरी पोहोचलो तर पुढच्या खोलीत बायका जमलेल्या, मगरिबची वेळ होत आलेली. नसीम गेल्यापासून त्या एकेकट्या पढून जात होत्या, सफ गुंडाळून भिंतीशी उभी होती. सबानं ती आणून अंथरली. इतक्या दिवसांत मी ती कधी निरखून पाहिली नव्हती. मधोमध पट्ट्यांचा हिरवा रंग उडालेला, पावलांपाशी आणि कपाळापाशी सूत निघालेलं. बायका येऊन उभ्या राहिल्या आणि न सांगता प्रत्येकीनं ती जागा सोडली. डावीकडच्या डावीकडे, उजवीकडच्या उजवीकडे, आणि मध्ये ती विटलेली पट्टी. मी दिवाणावर बसले होते, माझ्या नेहमीच्या जागी. मला तिकडे बघवेना. सबा खिडकीपाशी गेली, कडी सरकवली आणि दोन्ही दारं सताड उघडली. संध्याकाळचा वारा आला, रस्त्यावरचा आवाज आला. मशिदीकडे निघालेले पुरुष खालून जात होते. मग सबा परत आली. तिनं डोक्यावरची ओढणी घट्ट ओढून घेतली. म्हणाली, "मिल जाओ, बीच में जगह मत छोड़ो."

खांदे सरकले. विटलेली पट्टी कुणाच्या तरी पावलांखाली झाकली गेली. आवाज उठला, आधी जरा कापरा, मग कापरेपणा गेला, आणि उघड्या खिडकीतून सरळ रस्त्यावर गेला. सगळ्या पाठी सारख्या, सगळ्या ओढण्या सारख्या, पढवणारी कोण ते पाठीवरून मला याही वेळी ओळखता आलं नसतं. खाली कुणीतरी थांबलं, मान वर करून पाहिलं. सबा थांबली नाही. नमाज संपली, हात दुआसाठी वर झाले, आणि तिनं गेलेलीसाठी क्षमा मागत मोठ्यानं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं, "या अल्लाह, नसीम की मग़फ़िरत फ़रमा..." नसीम. नुसतं नसीम. बायकांनी आमीन म्हटलं, आणि दिवाणावर बसल्या बसल्या मीही.